सासूबाईंच्या डोळ्यांतला दाह थेंबांनी का शमत नाही?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. तरुणपणी बरीच वर्षे त्यांनी तंबाखूच्या वखारीत काम केले, मिश्री अजून सुटलेली नाही. सासरे विडी ओढायचे, आता माझे मिस्टरही ओढतात. सासूबाईंना साखर नाही, पण रक्तदाबाची गोळी आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. परवा तपासणीत डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर वयामुळे पिवळे ठिपके आलेत, कोरडा प्रकार आहे, मधल्या टप्प्यावर आहे आणि या रोगामागे इन्फ्लमेशन असते. एक कॅप्सूल लिहून दिली. बाहेर रांग होती, जास्त विचारता आले नाही. दाह आहे तर डोळा लाल का नाही, दुखत का नाही? ऑपरेशनच्या वेळचे सूज उतरवणारे थेंब आम्ही जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून परत आणले. डोळे चुरचुरतात म्हणून सासूबाई ते महिनाभर रोज दोन्ही डोळ्यांत घालत आहेत. शेजारच्या काकूंची पडद्यावरची सूज तसल्याच थेंबांनी उतरली होती. ते चालू ठेवावेत का? कुणी हळदीच्या कॅप्सूलही सुचवल्यात. आणि पुढे माझ्या मिस्टरांनाही हे होईल का?
— एक सून, निपाणी परिसर

उत्तर : ताई, आधी थेंबांचे बोलू, कारण ते लांबवण्यासारखे नाही. थेंब आजच बंद करा आणि या आठवड्यातच सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचा दाब मोजून घ्या.

मोतीबिंदूनंतरच्या बाटलीवर बहुधा प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असे नाव असते, कधी सोबत अँटिबायोटिकही असते. ही स्टेरॉइडे. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी करत घालायची म्हणून ती दिलेली असतात. तीच पुढे रोज घालत राहिले, तर साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्यातला दाब काही आठवड्यांत चढू लागतो. नेहमीचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो हळूहळू तिशीपर्यंत चढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि डोळ्याची नस मात्र सुकत जाते. हाच स्टेरॉइडचा काचबिंदू. पडद्याचा आजार नजरेचा मधला भाग खातो, काचबिंदू कडेचा. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून ही घाई. शिवाय उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले नाही, तिथे स्टेरॉइडने मोतीबिंदू लवकर पिकतो. तपासायला जाताना बाटली सोबत न्या आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा घातले ते डॉक्टरांना सांगा. एक खुलासा इथेच करतो. डोळ्याच्या आतल्या सुजेसाठी, म्हणजे युव्हिआयटिससाठी, ज्यांना असे थेंब सध्या लिहून दिलेले आहेत त्यांनी हे वाचून ते एकदम बंद करू नयेत. त्यांचा आजार निराळा आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. दाह म्हटले की आपल्याला गळू आठवते: लाल, गरम, ठणकणारे. तो तातडीचा दाह असतो, आठ-पंधरा दिवसांत काम उरकून निघून जातो. सासूबाईंच्या डोळ्यातला दाह राखेखालच्या विस्तवासारखा आहे. ज्वाळ नाही, पण धग वर्षानुवर्षे टिकून. आणि ही धग जिथे आहे त्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, वेदना जाणवणाऱ्या नसाच नाहीत. तो डोळ्याच्या तळाशी असल्याने बाहेरून लालीही दिसत नाही. म्हणून हा आजार न दुखता वाढतो आणि एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढत असल्याने घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

पडद्याच्या मधोमध साडेपाच मिलिमीटरच्या आसपासचा एक भाग असतो, मॅक्युला किंवा पीतबिंदू. सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा शोधणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी त्याची कामे. तिथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग रोज टाकून देतात आणि तेवढाच नवा घडवतात. टाकलेला भाग खाऊन पचवायचे काम खालच्या रंगद्रव्याच्या पेशींचे. त्यांच्या खाली एक पातळ चाळणी असते, तिला ब्रुकचे पटल म्हणतात, आणि चाळणीखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. पचलेला गाळ चाळणीतून खाली रक्तात जातो, प्राणवायू आणि पोषण वर येते. वय वाढेल तशी चाळणीत चरबी साचते, ती जाड होते आणि गाळ तिच्यावरच अडू लागतो. त्याचे ढीग म्हणजे तुम्हाला सांगितलेले पिवळे ठिपके, ड्रुसेन. ६३ मायक्रॉनपेक्षा लहान असले तर वयाची खूण म्हणून त्यांच्याकडे फार लक्ष देत नाहीत. १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, किंवा त्याहून मोठे असले की तो मधला टप्पा.

दाह सुरू होतो तो या ढिगांपाशी. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट या नावाने ओळखली जाणारी तीसहून अधिक प्रथिने असतात. एरवी ती झोपलेली. जंतू दिसला की एकामागून एक जागी होतात आणि त्याच्या भिंतीला भोक पाडतात. ड्रुसेन तपासले तेव्हा त्यांत चरबीबरोबर हीच प्रथिने मिळाली. म्हणजे शरीर या गाळाला शत्रू समजून त्याच्यावर मारा करत राहते, आणि माऱ्यात शेजारच्या स्वतःच्याच पेशी होरपळतात. हा मारा आटोक्यात ठेवणारे फॅक्टर एच नावाचे एक प्रथिन आहे, एक प्रकारचा लगाम. त्याच्या जनुकात एक छोटा फरक असलेल्या लोकांत हा रोग बराच जास्त आढळतो, हे २००५ मध्ये संशोधकांच्या वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास दाखवले. तोवर हा निव्वळ झिजेचा आजार मानायची पद्धत होती. तुमच्या डॉक्टरांनी इन्फ्लमेशन हा शब्द वापरला त्यामागे हे संशोधन आहे.

पुढे याची दोन रूपे होऊ शकतात. पेशी हळूहळू मरून मधोमध सुकलेला चट्टा पडतो, ही कोरड्या प्रकाराची शेवटची अवस्था, यायला सहसा बरीच वर्षे लागतात. किंवा होरपळलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचे रसायन सोडतात, त्याने चाळणीखालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर घुसतात आणि पाझरतात. हा ओला प्रकार, आणि तो आठवड्यांत नजर नेतो. मधल्या टप्प्यावरचे सगळेच तिथवर जात नाहीत.

लगाम बाहेरून लावायचे औषध आहे का? या साखळीतले सी३ प्रथिन अडवणारे पेगसेटाकोप्लान आणि सी५ अडवणारे अवॅसिनकॅप्टॅड, अशी दोन औषधे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती थेट डोळ्याच्या आत, दर महिन्या-दोन महिन्यांनी इंजेक्शनने द्यावी लागतात. सुकलेल्या चट्ट्याची वाढ त्यांनी धीमी होते, गेलेली नजर परत येत नाही आणि ओला प्रकार सुरू होण्याचा धोका थोडा वाढतो. सासूबाई त्या टप्प्यावर नाहीत, त्यांना ती लागू नाहीत. नेमक्या प्रथिनावर नेम धरून, नेमक्या जागी औषध पोचवूनही एवढेच साधते. मग डोळ्यात वरून टाकलेल्या स्टेरॉइडच्या थेंबाकडून काय होणार? त्याचा फारच थोडा अंश पडद्यापर्यंत पोचतो. फायदा होत नाही आणि दाब चढण्याचा धोका मात्र पुरता पदरात पडतो.

शेजारच्या काकूंना गुण आला तो खोटा नव्हे. मॅक्युलावर सूज हे एकच वाक्य डॉक्टर निदान तीन वेगळ्या आजारांत वापरतात, आणि घरोघरी घोळ होतो तो इथेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्याने काहींच्या मॅक्युलात पाणी साठते. ती ऑपरेशनच्या दाहाची सूज, आणि केटोरोलॅक किंवा नेपाफेनॅकसारखे वेदनाशामक जातीचे थेंब आणि सोबत स्टेरॉइडचे थेंब यांनी ती बहुधा उतरते. काकूंचे बहुतेक तेच असावे. मधुमेहातली सूज दुसरी: तिथे पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांना आतून चिकटतात, वाहिन्या पाझरतात. त्यावर आधी व्हीईजीएफविरोधी इंजेक्शन आणि काहींना डोळ्याच्या आत ठेवायची ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची बारीक कांडी देतात. तिसरी ही वयाची, आणि सासूबाईंना तर सध्या सूजच नाही, ठिपके आहेत. त्यामुळे एकीच्या बाटलीतले दुसरीच्या डोळ्यात घालू नये.

सासूबाईंची चुरचुर मात्र खरी आहे. तिचा पडद्याशी संबंध नाही. या वयात पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबतात, अश्रूंवरचा तेलाचा थर पातळ होतो, अश्रू लवकर सुकतात आणि बुबुळावर रेती गेल्यासारखे वाटते. हाही दाहच, पण वरवरचा, म्हणून जाणवणारा. तंबाखू चाळताना उडणारी धूळ आणि चुलीचा धूर त्यात भर घालतात. उपाय घरचाच आहे. स्वच्छ सुती फडके कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवा, गार होईल तसे परत पाण्यात बुडवा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकेच गरम असावे. मग बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलक्या हाताने दाबत न्या, म्हणजे घट्ट झालेले तेल बाहेर येते. सकाळ-संध्याकाळ, निदान चार आठवडे. जोडीला कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे साधे कृत्रिम अश्रू चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण ते रसायनच पुढे जळजळ वाढवते. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात, म्हणून उघडल्याची तारीख पेनने वर लिहा. मध, कांद्याचा रस, लिंबू, एरंडेल यांतले काहीही डोळ्यात जाऊ देऊ नका. त्यातून बुबुळावर फूल पडते आणि मग पडद्याचा विचार बाजूलाच राहतो.

सूज उतरवायच्या गोळ्यांचे काय, असा विचार तुमच्या मनात येईल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी हा रोग थांबत नाही आणि या वयात, रक्तदाब असताना, मूत्रपिंड आणि जठर दोन्ही बिघडू शकतात. ॲस्पिरिनची तर नीट परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत वयस्कर माणसांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन तीनेक वर्षे पाहिले, मॅक्युलाच्या रोगात काही फरक पडला नाही. सासूबाईंची ॲस्पिरिन हृदयासाठी आहे, ती डोळ्याच्या भीतीने बंद करू नका आणि डोळ्याच्या आशेने वाढवूही नका. हळद भाजी-आमटीत पडते तेवढी पुरे. तिच्या अर्काच्या कॅप्सूलने हा रोग मंदावतो असे माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही, आणि मोठ्या मात्रेत ती ॲस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते. ते पैसे वाचवा, तपासणीला लागतील.

धग विझवणारे औषध नसेल तर सरपण काढून घ्यायचे. यात पहिला नंबर धुराचा आहे, दुसरे काहीही त्याच्या जवळपास नाही. ओढणाऱ्याला हा रोग होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या दोन ते चारपट असतो. धूर पीतबिंदूतली संरक्षक पिवळी द्रव्ये घटवतो, पडद्याखालचा रक्तपुरवठा कमी करतो आणि तीच कॉम्प्लिमेंटची साखळी चाळवतो. विडी लहान असते, पण ती विझू नये म्हणून माणूस झुरके जास्त आणि खोल घेतो, त्यामुळे विडीला सौम्य समजायची चूक करू नका. आपल्या भागाचा संसार कैक पिढ्या तंबाखूवर चालला आहे, या पिकाने घरे उभी केली, मुले शिकवली. त्याबद्दल कुणाला दोष द्यायचा नाही. पण घराच्या आत आजपासून धूर नको: ओटीवर नको, न्हाणीघरात नको, सासूबाई झोपतात त्या खोलीत तर अजिबात नको. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर धुराला बाहेर वाट करून द्या. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध आपल्याच देशातल्या अभ्यासांत दिसलेला आहे. मिश्रीचे म्हणाल, तर पडद्याबाबत ठाम पुरावा धुराचा आहे. मिश्री सोडायची ती तोंडाच्या कॅन्सरसाठी आणि रक्तदाबासाठी. ७१ व्या वर्षी हे एका दिवसात होत नाही. आधी रात्रीची, मग दुपारची, असे करत सोडवा आणि त्या वेळेला हातात बडीशेप द्या.

रक्तदाब १३०-८० च्या आसपास राहील असे पाहा. त्यांना नेमका किती योग्य ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. साखर नाही म्हणता, तरी वर्षातून एकदा तपासा. दुपारी बारानंतरच्या उन्हात जाताना डोक्यावर पदर किंवा टोपी असावी.

आहारात सगळ्यांत मोलाची गोष्ट आपल्याकडे बाजाराच्या दिवशी सर्वांत स्वस्त मिळते: पालेभाजी. पीतबिंदूचा पिवळा रंग ल्युटिन आणि झियाझँथिन या द्रव्यांचा असतो. शरीर ती तयार करू शकत नाही, पोटातूनच मिळवावी लागतात. शिजवलेल्या पालकाच्या १०० ग्रॅममध्ये, म्हणजे मध्यम वाटीभर भाजीत, दोन्ही मिळून १० मिलिग्रॅमच्या आसपास असतात. मेथी, पोकळा, शेवग्याचा पाला हे त्याच रांगेतले. आलटून पालटून रोज वाटीभर द्या. मात्र ही द्रव्ये तेलात विरघळणारी आहेत, बिनतेलाच्या भाजीतून फारशी अंगी लागत नाहीत. फोडणीला चमचाभर तेल किंवा भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असली की काम होते. मक्याच्या कणसात आणि अंड्याच्या बलकातही ती थोडी असतात, आणि बलकातली चांगली शोषली जातात. खात असतील तर बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा, तळून नको, कालवण करून. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घरात कुणाला चालू असेल, तर त्यांनी पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिनला ही अडचण नाही. कुंदा, बेकरीची खारी-बिस्किटे, परत परत तापवलेल्या तेलातली भजी हे कमी करा. सणाला कुंदा खाल्ला म्हणून डोळा जाणार नाही, रोजचे मात्र नको.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅप्सूलबद्दल नीट ऐका, कारण मेडिकलमध्ये डोळ्याचे व्हिटॅमिन म्हणून काहीही हातात देतात. अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. मधल्या किंवा पुढच्या टप्प्यावरच्या लोकांत पाच वर्षांत १०० पैकी साधारण २८ जणांचा रोग शेवटच्या अवस्थेला गेला, ठरावीक मिश्रण घेणाऱ्यांत साधारण २० जणांचा. २०१३ मध्ये दुसऱ्या चाचणीने त्यातले बीटा-कॅरोटिन काढून ल्युटिन-झियाझँथिन घातले, कारण बीटा-कॅरोटिनने विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, आणि पूर्वी ओढून सोडलेल्यांतही, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढत होता. आज मानलेले रोजचे प्रमाण असे: व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० एकक, झिंक ८० मिलिग्रॅम, तांबे २ मिलिग्रॅम, ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम. झिंक २५ मिलिग्रॅम असलेलेही चालते, त्याच चाचणीत कमी झिंकने ठळक फरक पडला नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने जादा फायदा दिसला नाही. डबीच्या मागचा तक्ता वाचा. पुष्कळ डब्यांवर नावे सगळी असतात, प्रमाण मात्र नावापुरते. आकडे जुळत नसतील तर डबी डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. जेवणानंतरच द्या, रिकाम्या पोटी झिंकने मळमळते. जास्त झिंकने शरीरातले तांबे उतरून रक्त कमी होऊ शकते, म्हणून मिश्रणात तांबे हवेच. मूत्रपिंडाचा किंवा लघवीचा त्रास असेल तर आधी सांगा. ही कॅप्सूल रोग मागे नेत नाही, दोन-तीन महिन्यांत नजर सुधारली नाही म्हणून सोडून देऊ नका. आणि तुमच्या मिस्टरांनी आधीपासूनच घ्यावी का? नाही. रोग नसलेल्यांना किंवा अगदी सुरुवातीच्या ठिपक्यांना तिचा उपयोग दिसलेला नाही.

सगळ्यांत मोठे काम आता सांगतो, ते घरीच करायचे आहे. कोरड्याचा ओला कधी होईल याचा दिवस सांगता येत नाही, पण झाल्यावर पहिल्या काही दिवसांत पकडला तर बरीच नजर वाचते. त्यासाठी ॲम्सलरची जाळी. दुकानातून आलेखाचा कागद आणा, त्यावर १० सेंटिमीटरचा चौकोन आखा, दर ५ मिलिमीटरवर आडव्या-उभ्या रेषा काळ्या पेनने ओढा. प्रत्येक बाजूला २० घरे येतील. बरोबर मध्यावर मसुराएवढा काळा ठिपका काढा. कागदाच्या छापील बारीक रेषा गोंधळात टाकत असतील तर कोऱ्या कागदावर तेच आखा. जाळी देवघराजवळ किंवा कपाटाच्या दारावर, नजरेच्या उंचीवर चिकटवा. सासूबाईंना जवळचा चष्मा घालून तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे एक वीत आणि चार बोटे, बसवा. उजेड चांगला हवा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, दाबला तर तो डोळा काही क्षण धूसर दिसतो आणि त्याची पाळी आली की उगाच घाबरायला होते. उघड्या डोळ्याने फक्त मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. ठिपक्यावरून नजर न हलवता विचारा: चारही कोपरे दिसतात का? कुठली रेष वाकडी, लाटेसारखी, तुटलेली वाटते का? कुठे डाग किंवा पुसट जागा आहे का? मग दुसरा डोळा. पहिल्या दिवशी जे दिसेल ते जाळीच्या दुसऱ्या प्रतीवर पेन्सिलीने काढून तारीख टाका, पुढची तुलना तिच्याशी.

इथे चुकते ते असे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहतात, मग चांगला डोळा वाईटाचे लपवतो. किंवा नजर रेषांवरून फिरवत राहतात. किंवा रोज पाहून पाहून जाळी पाठ होते आणि मेंदू तुटलेल्या रेषा जोडून दाखवतो. म्हणून जोडीला घरातल्या सरळ रेषाही एकेका डोळ्याने पाहायची सवय लावा: दाराची चौकट, फरशीचे सांधे, अंगणातला विजेचा खांब. खांब कंबरेत वाकल्यासारखा दिसला तर तो निरोप समजा. जाळी ठीक आली तरी पडद्याची तपासणी दर सहा महिन्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, करायचीच. बारीक पाझर जाळीत दिसत नाही, ओसीटी या स्कॅनमध्ये दिसतो.

नवा वाकडेपणा किंवा डाग दिसला तर दोन-तीन दिवसांच्या आत पडद्याच्या तज्ज्ञाकडे पोचा. पुढच्या महिन्यातल्या शिबिराची वाट पाहू नका. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानातही जाऊ नका, अनेकांचे मोलाचे आठवडे तिथेच जातात. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. अंतराने कोल्हापूर सोयीचे, पण रेशन कार्डावरची कर्नाटकातली योजना वापरायची असेल तर बेळगाव किंवा हुबळीकडे पाहावे लागेल. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले होते. तुमचे गाव त्यात बसते का आणि डोळ्यातली इंजेक्शने त्यात येतात का, हे रुग्णालयाच्या मदत खिडकीवर आजच, गरज नसताना, विचारून ठेवा. कुठलेही एक ठिकाण धरा आणि तिथेच जात राहा. एकाच यंत्रावरची ओसीटी मागच्याशी अचूक जुळवता येते, दोन यंत्रांची मापे तंतोतंत जुळत नाहीत. रंगीत प्रिंट फाइलमध्ये लावा. खिडकीवरची पाटी कानडीत आणि कागद इंग्रजीत, अशी आपल्याकडची तऱ्हा. म्हणून ही अक्षरे ओळखून ठेवा: एसआरएफ म्हणजे पडद्याखाली पाणी, आयआरएफ म्हणजे पडद्याच्या आत पाणी, सीएनव्हीएम म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे. यांतले काही नव्याने लिहिलेले दिसले तर उपचार कधी सुरू करायचे, हे तिथेच विचारा. जीए म्हणजे सुकलेला चट्टा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-सहा तास अंधूक दिसते, सासूबाईंना एकटे बसमध्ये बसवू नका.

ओला प्रकार झालाच तर डोळ्यात इंजेक्शन ऐकून माणसे घाबरतात आणि उशीर करतात. आधी बधिर करणारे थेंब, मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडिनने डोळा धुतात, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, केसासारख्या सुईने थेंबभर औषध देतात. काही सेकंदांचे काम, टोचल्यापेक्षा दाबल्यासारखे वाटते. सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन, मग ओसीटी पाहून अंतर वाढवत नेतात. बेव्हॅसिझुमॅब सर्वांत स्वस्त पडते, कारण कॅन्सरसाठीच्या मोठ्या कुपीतून डोळ्यासाठी बारीक मात्रा काढतात. २०११ च्या अमेरिकेतल्या तुलनेत नजरेच्या बाबतीत ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचे ठरले. मात्र कुपीतून सिरिंज भरताना स्वच्छता पाळली नाही तर जंतू आत जातात, म्हणून सिरिंज कुठे आणि कधी भरली जाते हे विचारायला संकोचू नका. इंजेक्शननंतर पहिल्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर घटली तर त्याच दिवशी, रात्री-अपरात्रीसुद्धा, रुग्णालय गाठायचे. खरे जंतुसंसर्ग हजारो इंजेक्शनांत एखाद-दोन असतात, पण ते काही तासांत डोळा घालवू शकतात.

तुमच्या मिस्टरांचे म्हणाल, तर आई-वडिलांपैकी एकाला हा रोग असला की मुलांचा धोका वाढतो, लगामाचे जनुक त्यांच्यात आलेले असू शकते. जनुकाची तपासणी करून उपयोग नाही, निकाल काहीही आला तरी करायचे तेच आहे. पन्नाशीला बाहुली मोठी करून पडद्याची पहिली तपासणी, पुढे दर दोन वर्षांनी, आणि विडी आज बंद. सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो, वीसेक वर्षांत तो न ओढणाऱ्याच्या जवळपास येतो. म्हणजे आत्ता सोडली तर सासूबाईंच्या वयाला पोचेपर्यंत बराचसा हिशेब फिटतो. मदतीसाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

सासूबाईंना एवढे जरूर सांगा, की या रोगाने पूर्ण अंधार होत नाही. कडेची नजर राहते. घरात वावरणे, अंगणात जाणे, माणसे आल्याचे कळणे सुटत नाही. पोथी वाचायच्या जागी छताच्या दिव्यावर भागवू नका. वाकणाऱ्या मानेचा एक एलईडी दिवा डाव्या खांद्यामागून, पानापासून हातभर अंतरावर लावा. भात गडद रंगाच्या ताटलीत वाढा, ताक स्टीलच्या भांड्याऐवजी रंगीत पेल्यात द्या, आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर पिवळ्या रंगाची पट्टी ओढून घ्या.